नाणेघाटातला नांगरधारी

ग्रीकांच्या डायोनायससबद्दल, म्हणजे मद्याच्या आणि हास्याच्या त्या देवाबद्दल बोलायचं, तर मी मुरबाडपासून सुरुवात करणार आहे. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे गेलात की पुढे नाणेघाट लागतो. कल्याणच्या बंदरातून जुन्नरला जाणारी ही सातवाहनांची वाट. हे कल्याण ग्रीक दर्यावर्द्यांना ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ते ‘कल्लिएना’ म्हणून येतं. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षमद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती, असं लिहिलंय! घाट चढून गेलात की जुन्नरच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांचे लेख सापडतात.

माणसं आली, मद्य आलं. मग देव? ग्रीकांचं म्हणणं असं की, देव तर कधीचाच येऊन गेला होता. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थिनिसची हकीकत एरियनने दिली आहे. डायोनायसस हिंदुस्थानात आला, रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांना त्याने बैल नांगराला जुंपायला शिकवलं, बियाणं दिलं, झांजा आणि ढोल वाजवून देवाची पूजा करायला शिकवलं. पुष्कळ अभ्यासक म्हणतात, हा शिव. माझं घोडं तिथे नांगराशी अडतं. नांगर आणि मद्य ही दोन्ही ज्याची खूण आहे असा आपल्याकडे एकच: बलराम, जुन्या लेखांतला संकर्षण.

आणि हा संकर्षण नाणेघाटात आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला नागनिकेचा तो प्रसिद्ध लेख सुरू होतो देवांना नमस्कार करून. धर्म, इंद्र, मग संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. क्रम लक्षात घ्या, थोरला भाऊ आधी! त्याच्याही आधी अगाथोक्लिस या ग्रीक राजाने आपल्या नाण्यांवर एका बाजूला संकर्षण आणि दुसऱ्या बाजूला वासुदेव कोरून घेतला. अफगाणिस्तानात आय-खानूमला ती नाणी सापडली. त्यावरच्या संकर्षणाच्या हातात नांगर आहे. म्हणजे ग्रीकांना हा देव परका राहिला नव्हता. आता डायोनायसस तो हाच, असं सिद्ध करता येणार नाही. पण स्वभाव जुळतो. विष्णुपुराणातला बलराम कदंबाच्या ढोलीतली वारुणी पितो, यमुनेला ‘इकडे ये, आंघोळ करायचीय’ म्हणतो, ती येत नाही म्हटल्यावर नांगराने ओढत आणतो. हसू आल्याशिवाय राहत नाही. ग्रीक विनोदी नाटकं डायोनायससच्याच उत्सवात होत, शोकांतिकाही तिथेच.

अशा देवाला मान द्यायचा म्हणजे काय करायचं? नुसतं प्यायचं? नाही. अथेन्समध्ये नव्या मद्याचे रांजण उघडले की पहिला वाटा देवाचा. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतही मोहाची दारू पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, देवांसाठी, पूर्वजांसाठी. पिणं एकट्याचं नव्हे, वाट्याचं. माझ्या मते सगळं मर्म त्या चार थेंबांत आहे.

ते तुटलं कसं, तर कायद्याने. 1878चा आबकारी कायदा आला आणि दारू गाळणं मक्तेदाराच्या हाती गेलं. तेवढ्याने भागेना म्हणून 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. झाडाखाली पडलेली फुलं परवान्याशिवाय वेचणं, साठवणं गुन्हा! ही फुलं लोक खातातसुद्धा, हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. पण घरी गाळली तर गुत्त्यावर कोण येणार? आणि गुत्त्यावर प्यायला बसलेला माणूस कुणासाठी थेंब सांडणार? तिथे उधारी असते, देव नसतो. युरिपिडीसच्या ‘बाक्खाय’ नाटकातला राजा पेंथियस डायोनायससच्या पूजेवर बंदी घालतो आणि स्वतः फाडला जातो. आमचा पेंथियस मात्र महसूल मोजत राहिला, त्याला काही झालं नाही.

मी दारूची तरफदारी करतोय असं समजू नका. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवी अंगात येऊ लागली. दारू सोडा, मांस सोडा, असं ती सांगायची. ही लाट सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींपर्यंत गेली आणि गुत्ते ओस पडले. बंदी हीही, पण ती कचेरीतून आली नव्हती. लोकांनी आपल्याच देवीच्या तोंडून ती ऐकली. दोन्ही बंद्यांना एका तराजूत घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेत दवंडी पिटतात की, आजपासून कुणी मद्य गाळायचं नाही, गाळेल त्याला सुळावर चढवू. ज्यांच्या नावाने ही दवंडी आहे त्यांत कृष्ण आहे आणि बलरामही आहे! यादवांनी ती पाळली नाही. प्रभासच्या किनाऱ्यावर ते प्याले, बलरामही त्यांच्यात होता, मग बोलाचाली झाली, आणि लव्हाळी उपटून त्यांनी एकमेकांना मारलं. कृष्ण त्याला शोधत आला तेव्हा बलराम एका झाडाला टेकून एकटाच बसला होता.