आत्याची डबी

जासईला आत्याकडे गेलं की फडताळात ती डबी अजून दिसते. हल्ली तिच्यात मेथ्या असतात.

१९८४ च्या जानेवारीत जासईचे शेतकरी जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा आत्या विशीची होती. पोलिसांपुढे डगमगली नाही. पण 'पाळी' म्हणताना तिचा आवाज आजही खाली येतो. २०१६ साली तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. रात्री अंगाची लाही व्हायची, उशी घामाने भिजायची. डॉक्टरला सांगायची लाज, म्हणून शेजारणीने दिलेल्या सोयाबीन-शतावरीच्या कॅप्सूल ती गुपचूप घेऊ लागली.

त्या डबीपायी मी बरंच वाचून काढलं. सुश्रुतसंहितेत पाळी १२ च्या सुमारास येते आणि ५० च्या सुमारास जाते, अशी नोंद आहे. म्हणजे तो वयाचा धर्म. त्यावर बाटली विकणं मात्र अलीकडचं. १८७५ साली अमेरिकेत लिडिया पिंकहॅमबाईंचा काढा बाजारात आला. त्यात ब्लॅक कोहोश नावाची मुळी होती आणि जवळजवळ १८ टक्के अल्कोहोल! बायका आपली दुखणी बाईंना पत्राने कळवत. १८८३ मध्ये बाई वारल्या, तरी त्यांच्या नावाने उत्तरं जातच राहिली. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं ना...

१९४२ पासून गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या हार्मोनच्या गोळ्या आल्या. २००२ मध्ये १६,६०८ बायकांवरचा एक मोठा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला. जगभर घबराट उडाली आणि बायका 'नैसर्गिक' कॅप्सूलकडे वळल्या. पुढे कळलं की साठीच्या आतल्या, पाळी नुकतीच गेलेल्या निरोगी बाईला हार्मोनचा धोका बराच कमी असतो. उलट सोया आणि ब्लॅक कोहोश घ्यावं असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये सांगितलं. हाडांसाठी नाचणी बरी, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. पण नाचणीनेही घाम थांबत नाही.

असो. तर आत्याचा एक दिवस फोन आला, "अगं, गोळ्या लागू पडल्या! पाळी परत आली."

माझ्या पोटात धस्स झालं. पाळी वर्षभर बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ती पाळी नसते. दुसऱ्याच दिवशी तिला पनवेलला नेलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, आज आत्या ठणठणीत आहे. गोळ्यांमुळे तो झाला असं मी म्हणत नाही. पण आनंदाने फोन करायच्या आधी तीन आठवडे ती रक्त बघत गप्प बसली होती.

वहिनी, मावशी, वाचताय ना? कॅप्सूल घ्यायची तर घ्या, पण आधी कुणाशी तरी बोला. रक्त दिसलं तर त्याच दिवशी.