खणातली कथा

गेली तीस वर्षे मी मराठीत कविता लिहितो आहे. मासिकाला कविता पाठवताना हात कधी अडखळला नाही. साभार परत आली, तर पाकीट बदलून दुसरीकडे पाठवायची. दोन वर्षांपूर्वी मात्र एक कथा लिहिली आणि ती अजून टेबलाच्या खणात आहे.

कवीने कथा लिहू नये, असा दंडक आपल्याकडे कधी नव्हता. सदानंद रेगे यांचा 'जीवनाची वस्त्रे' हा कथासंग्रह १९५२ साली आला, 'अक्षरवेल' हा कवितासंग्रह त्यानंतर पाच वर्षांनी. इंदिरा संतांनीही कथा लिहिल्या. तात्यासाहेब शिरवाडकरांनी तर दोन दारेच ठेवली होती. कविता कुसुमाग्रजांच्या, कथा आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांची. ही सोय मला फार हेवा वाटावा अशी वाटते.

आम्हा मुसलमान मराठी लिहिणाऱ्यांकडे पद्य जुने. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओव्यांत रचला. पेशवाईत सगनभाऊ होते, अगदी अलीकडे शाहीर अमर शेख. आमच्या घरांतली कथा माझ्यापर्यंत पोचली ती हमीद दलवाईंच्या 'लाट'मधून. तो संग्रह १९६१ सालचा. पण दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठीच्या कुळातली. आम्ही मराठवाड्यातले, घरात दखनी बोलणारे. कवितेत कुणी बोलत नाही, म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता. कथेत दादी बोलू लागली आणि पेन थांबले. तिच्या तोंडी पुणेरी मराठी घालू?

अडचण एवढीच असती, तर कथा केव्हाच गेली असती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा सुटला. त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर सूडही उगवला गेला. सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली, पण तो अहवाल कित्येक वर्षे बाहेर आला नाही. आमचे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. दादीला आणि कडेवरच्या माझ्या वडिलांना शेजारच्या पाटलीणबाईंनी दोन रात्री आपल्या बळदात लपवले. कंदील घेऊन शोधायला आलेला माणूसही त्याच गल्लीतला. त्याची नातवंडे आज ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येतात.

यावर मी पूर्वी कविता लिहिली होती. तीत 'ती रात्र' एवढेच होते. वाचकांनी वाहवा केली, कुठली रात्र ते कुणी विचारले नाही. कथेत तसे चालत नाही. दार कुणाचे, कंदील कुणाच्या हातात, हे सांगावे लागते. एकट्या पाटलीणबाईंवर लिहिले, तर कथा गोड होते. एकट्या कंदीलवाल्यावर लिहिले, तर शेजाऱ्यांना मी काय तोंड दाखवू? शिवाय मुसलमानाने लिहिलेली कथा लोक समाजाचा दाखला म्हणून वाचतात, ही भीती वेगळीच.

गेल्या महिन्यात कथा पुन्हा वाचली. नावे बदलली, कंदील ठेवला. बळदातल्या अंधारात पाटलीणबाई म्हणतात, "रडू नको." दादी पोराला म्हणते, "रोना नक्को." हे दोन्ही तसेच ठेवले. पाकिटावर पत्ता घातला आहे, परतीची तिकिटेही जोडली आहेत. पोस्ट घरापासून चार मिनिटांवर आहे.