कॅथॉलिक घरातील माता व आजी : गोवा आणि दक्षिण कोकणातील गृहधर्माचा विचार

१

गोवा व दक्षिण कोकण या प्रदेशांतील कॅथॉलिक कुटुंबात एखादी वृद्ध स्त्री निवर्तली म्हणजे तिच्याविषयी ‘धर्मनिष्ठ माता व आजी’ असे शब्द योजण्याचा प्रघात आहे. थडग्यावरील शिळेत, मृत्यूच्या वार्तेत आणि वर्षश्राद्धाच्या मिस्सेच्या निमंत्रणात हे शब्द इतक्या वेळा येतात की, अतिपरिचयाने त्यांचा अर्थ झिजून गेला आहे. वाचणारा त्यांकडे शिष्टाचार म्हणून पाहतो आणि पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकानेही बहुधा असेच केले आहे. या प्रदेशातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिताना मिशनरी, धर्मसभा, धर्मन्यायालय व राजाज्ञा यांचा परामर्श विस्ताराने घेतला जातो. परंतु धर्मांतरानंतर दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या पिढीत तो धर्म मुलांपर्यंत कोणी पोचविला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच प्रश्न होय. ‘धर्मनिष्ठ’ या विशेषणामागे एक निश्चित स्वरूपाचे कार्य होते, आणि त्या कार्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी उपलब्ध आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम साधनांचा विचार केला पाहिजे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले; बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असावीत, असेही ठरविले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचे विधान केले. त्यामुळे एखाद्या कॅथॉलिक स्त्रीचे नाव चर्चच्या दप्तरात निदान तीन वेळा यावे, अशी व्यवस्था झाली : जन्मानंतर, विवाहाच्या वेळी आणि मृत्यूनंतर. याशिवाय तिच्या प्रत्येक अपत्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत माता म्हणून, आणि दुसऱ्याच्या अपत्याची धर्ममाता म्हणूनही ती दिसते. तथापि या नोंदींत घटना असतात, आयुष्य नसते. ती प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणत होती, नातवंडांना तिने काय शिकविले, याचा मागमूस तेथे लागत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. श्रीलंकेत धर्मकार्य करणारे जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली येथे झाला. त्यांचे वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे. मातेचे नाव मारिया द मिरांद. सेबास्तियांव द रेगो यांनी लिहिलेले जुझे वाझ यांचे चरित्र १७४५ साली प्रसिद्ध झाले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांची संतपदी प्रतिष्ठापना झाली. या सर्व गौरवाच्या कडेला मातेचे नाव उभे आहे. पुत्र संत झाला नसता तर तेही एका नोंदवहीत राहिले असते.

चर्चच्या इतिहासात धर्मनिष्ठ स्त्री म्हणून जिची आठवण ठेवली जाते ती बहुधा जोगीण असते. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ १६०६ साली स्थापन झाला. त्याचे वृत्तांत लिहिले गेले. मेस्मेरिझमच्या इतिहासात प्रसिद्ध असलेले आबे फारिया यांची माता रोझा मारिया द सौझा हिने पतीपासून विभक्त झाल्यावर याच मठाचा आश्रय घेतला. प्रपंच सोडणाऱ्या स्त्रीला चर्चने इतिहासात स्थान दिले. प्रपंचात राहून धर्म सांभाळणाऱ्या स्त्रीला नोंदवहीतील एक ओळ दिली.

३

या स्त्रीच्या घरातील जीवनाचे सर्वांत तपशीलवार वर्णन तिच्याविषयी आदर बाळगणाऱ्याने लिहिलेले नाही. ते तिच्यावर बंदी घालणाऱ्याने लिहिलेले आहे. गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ च्या एप्रिल महिन्यात एक विस्तृत आज्ञापत्र काढले. नवख्रिस्ती लोकांत टिकून राहिलेले ‘विधर्मी’ आचार बंद करणे हा त्याचा हेतू होता. विवाहप्रसंगी ओव्या गाणे, वधूवरांच्या अंगास हळद वा तेल लावणे, विडा, सुपारी व फुले यांचे आदानप्रदान, धान्य कांडण्याचा व दळण्याचा समारंभ, अपत्यजन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण, मृतांच्या नावे घातलेली जेवणे, घराजवळ तुळस लावणे, एकादशीसारख्या दिवशी उपवास करणे, इतकेच नव्हे तर मीठ न घालता भात शिजविणे, या सर्वांना त्यात मनाई केली आहे.

ही यादी लक्षपूर्वक वाचली असता एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. यांतील बहुतेक आचार स्वयंपाकघर, माजघर, अंगण व बाळंतिणीची खोली येथे घडणारे आहेत, आणि त्यांची सूत्रे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती असतात. धर्मन्यायालयाची स्थापना १५६० सालची. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या अंमलानंतरही त्याला भाताच्या हंडीपर्यंत नजर पोचवावी लागत होती. दंडसत्ता देवळापर्यंत पोचली, बाजारापर्यंत पोचली. चुलीपाशी ती अडली.

याचा अर्थ ही स्त्री अंतर्यामी हिंदूच राहिली होती, असा करणे मात्र घाईचे होईल. तीच स्त्री नातवाला बाप्तिस्म्यासाठी नेत होती आणि क्रूसापुढे दिवा लावीत होती. तिच्या दृष्टीने नवा देव स्वीकारणे आणि सासूने शिकविलेली ओवी टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. पुढे जे टिकले त्यावरून तिचा हा निवाडाच अखेर मान्य झाला, असे म्हणावयास हरकत नाही. विवाहापूर्वी वधूवरांच्या अंगास नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी, वधूच्या हातात ‘चुडो’ भरण्याचा समारंभ आणि पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना घातले जाणारे ‘भिकाऱ्यांचे जेवण’ हे आचार आधुनिक काळापर्यंत कॅथॉलिक घरांत चालत आले आहेत. आज्ञापत्रातील हळदीची जागा येथे नारळाच्या रसाने घेतली. अंगास लावण्याची क्रिया, ती करणारे हात आणि तेव्हाची गाणी कायम राहिली.

४

भाषेच्या बाबतीतही असेच घडले. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोचले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्यांनी निवडलेला छंद मराठी ग्रंथकारांचा होता. आणि ओवी हे नाव जात्यावर बसणाऱ्या स्त्रीच्याही ओठांवरचे होते. परंतु त्याच शतकात राज्यसत्तेचे धोरण पालटले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने देशी भाषेचा वापर सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागण्याची आज्ञा गोव्यातील रहिवाशांना दिली.

ही आज्ञा यशस्वी का झाली नाही, याची कारणे सांगताना शिक्षणाचा अभाव व अंमलबजावणीतील शैथिल्य यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. त्यांच्या जोडीस एक साधे कारण जोडले पाहिजे. मूल पहिली प्रार्थना शाळेत शिकत नाही. संध्याकाळच्या घंटेनंतर घरातील सर्व माणसे वेदीपुढे जमत. माळेची प्रार्थना, म्हणजे ‘तेर्स’, म्हटली जाई. ती सुरू करून देण्याचा मान बहुधा वृद्ध स्त्रीकडे असे. प्रार्थना संपल्यावर लहान मुले क्रमाने वडील मंडळींपुढे येऊन ‘बेसांव’ मागत. बेसांव हा शब्द पोर्तुगीज ‘बेन्सांव’ या आशीर्वादवाचक शब्दावरून आला आहे. परंतु तो मागण्याची रीत वडिलांच्या पाया पडण्याच्या रीतीची सख्खी बहीण आहे. आजीला, म्हणजे कोकणीतील ‘शामाय’ला, जी भाषा येत होती त्याच भाषेत नातवाचा देवाशी पहिला संवाद झाला. व्हाइसरॉयची आज्ञा तिच्या अंगणात आली असेल. तिच्या उच्चारात ती उतरली नाही.

५

पोर्तुगीज सत्तेच्या सीमेबाहेर या गृहधर्माचे महत्त्व अधिकच वाढले. करांचा बोजा, युद्धाची धामधूम व धर्मन्यायालयाचे भय अशा विविध कारणांनी सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्यातील कॅथॉलिक कुटुंबे बाहेर पडली; काही दक्षिणेस कानड्यात गेली, काही उत्तरेस सावंतांच्या मुलखात आली. कणकवली तालुक्यातील नांदगावावरून दक्षिणेस निघालेला महामार्ग कुडाळ व बांद्यावरून गोव्यात उतरतो. त्याच्या पश्चिमेस मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा आहे. या टापूतील कॅथॉलिक वस्ती विरळ आणि हिंदू गावगाड्यात मिसळलेली आहे. जेथे चर्च दूर आणि पावसाळ्यात वाटेत नद्याखाड्या, तेथे धर्माचा नित्यक्रम घरातील वेदीवरच चालणे क्रमप्राप्त होते.

एकोणिसाव्या शतकापासून मुंबईने या घरांतील पुरुष ओढून नेले. कोणी आगबोटीवर, कोणी स्वयंपाकी, कोणी वाद्यवृंदात, कोणी गिरणीत गेला. मुंबईत गोव्याच्या गावागावांनी ‘कूड’ नावाची वसतिस्थाने काढली. तेथेही गावच्या संताची वेदी असे व संध्याकाळच्या तेर्सास हजर राहण्याचा दंडक असे. घरातील आजीची शिस्त परगावी नियम बनून गेली होती. इकडे गावात शेत, घर, सावकाराचे देणे व मुलांचा धर्म या चारही गोष्टी घरी राहिलेल्या स्त्रियांवर पडल्या. अशा घरात नातवंडांना धर्म शिकविणे ही फावल्या वेळातील भक्ती नव्हती. ती कुटुंब एकत्र ठेवण्याची पद्धती होती.

तिच्या या अधिकारास कायद्याचा आधार कितपत होता, हेही पाहिले पाहिजे. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली. त्यामुळे विधवेचा निम्मा वाटा तिचा स्वतःचा ठरला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ च्या वारसा कायद्याने संतती असलेल्या ख्रिस्ती विधवेस एकतृतीयांश वाटा दिला. तेरेखोल नदीच्या दोन तीरांवरील दोन आज्यांची धर्मनिष्ठा सारखी असली तरी त्यांचे कायदेशीर बळ सारखे नव्हते.

६

या स्त्रीचे स्मरण करताना भाबडेपणा टाळणे आवश्यक आहे. ज्या हातांनी ओवी व प्रार्थना पुढच्या पिढीस दिली, त्याच हातांनी जातीही दिली. बामण, चारडे व सुदीर हे भेद गोमंतकीय कॅथॉलिक समाजात धर्मांतरानंतरही टिकले, आणि ते प्रामुख्याने विवाहसंबंधांतून टिकले. सोयरीक जुळविताना घराणे पारखण्यात वृद्ध स्त्रियांचे मत वजनदार असे. पतीच्या शवपेटीवर विधवेचा चुडा फोडण्याची रूढीही स्त्रियांच्याच देखरेखीखाली चालली. परंपरा जपणाऱ्या व्यक्तीने तिच्यातील इष्ट तेवढेच जपले, असा दाखला इतिहासात सापडत नाही.

मराठीत ख्रिस्ती माता व आजीचे आयुष्य तिच्याच शब्दांत वाचावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे जावे लागते. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्यांचे आत्मकथन १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागले. परंतु त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या. त्यांनी स्वतःच्या आयुष्यात धर्म बदलला आणि बदलाची ती कथा सांगितली. दक्षिण कोकणातील कॅथॉलिक आजीने धर्म बदलला नव्हता; तिला तो वारशाने मिळाला होता. बदलाला कथा असते, सातत्याला नसते. म्हणून तिच्याविषयी बोलणारी साधने वेगळ्या प्रकारची आहेत : बंदीहुकूम, विवाहगीते, वेदीवरील मूर्तींची मांडणी, बाप्तिस्म्याच्या वहीतील धर्ममातांची नावे आणि नातवंडांची आठवण.

यांपैकी शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली. २००५ साली सिंधुदुर्गासाठी स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. संस्था गावाजवळ आली, वेदीवर लोकांची भाषा आली. तोवर घरातील संध्याकाळची प्रार्थना मात्र स्थलांतर व नव्या दिनक्रमामुळे अनेक ठिकाणी मागे पडली होती. धर्मसभेने १९६३ साली जे मान्य केले ते कोकणातील घराच्या वेदीपुढे कित्येक पिढ्या चालत आले होते. ते कोणी चालविले, हे जाणणारी नातवंडे आता स्वतः आजे-आज्या झाली आहेत. त्यांच्या आठवणी नावगावासह टिपून घेतल्या आणि चर्चच्या नोंदवह्यांशी ताडून पाहिल्या, तर शिळेवरील त्या झिजलेल्या विशेषणाखाली एका विशिष्ट स्त्रीने केलेले विशिष्ट काम पुन्हा वाचता येईल.