नातवंडांवाचून वसलेले गाव

आपल्याकडे गाव वसते ते नदीच्या, देवळाच्या नाहीतर पेठेच्या आधाराने. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराच्या वायव्येस, १९६० साली कापसाच्या रानात एक उपनगर वसले ते पेन्शनच्या आधाराने. त्याचे नाव सन सिटी.

मूळचा सुतार आणि पुढे मोठा ठेकेदार झालेल्या डेल वेब याने ते उभारले. म्हातारी माणसे नातवंडांना सोडून अशा आडरानात कशाला येतील, ही शंका जाणत्यांनाही होती. वेबने काय केले, तर घरे विकण्याआधीच गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव आणि दुकाने बांधून दाखविली. १ जानेवारीला विक्री सुरू झाली आणि तीन दिवसांत लाखभर माणसे नुसती बघायला लोटली! घरे बैठी, जिन्याची दगदग नाही. आपला वानप्रस्थी वनात जाई. हे लोक वाळवंटात गेले, पण मैदान आणि तलाव तयार असलेल्या.

आता शिक्षकबंधूंनी जरा इकडे लक्ष द्यावे. या गावात लहान मुले राहात नसत, पण शाळांचा कर मात्र द्यावा लागे. शेजारच्या पिओरिया भागातील शाळांसाठी कर्ज उभारण्याचे प्रस्ताव मतदानाला आले की सन सिटीकर ते पुन्हा पुन्हा पाडीत. अखेर १९७४ च्या सुमारास हे गाव त्या शाळा-विभागातून वगळले गेले. आम्ही आमची मुले शिकविली, आता दुसऱ्यांची का, असा त्यांचा सवाल. बांधलेल्या पेन्शनीत महागाई सोसणाऱ्याचे हे गाऱ्हाणे अगदीच खोटे म्हणवत नाही. पण त्यांना दरमहा मिळणारी सरकारी रक्कम कमावत्या पिढीच्या पगारातूनच कापली जाई, आणि ती पिढी कुठल्यातरी शाळेतूनच बाहेर पडणार होती ना! मला तरी तो कौल पटत नाही.

बांधकाम १९७८ पर्यंत चालले. घरात निदान एक माणूस ५५ वर्षांचे हवे, हा नियम आजही आहे. पहिली घरे आता स्वतःच साठी उलटून गेली आहेत. आजोबांमागे घर नातवाच्या नावावर होऊ शकते. पण तो तिशीतला असेल, तर त्याला तिथे एकट्याने बिऱ्हाड करता येत नाही. तो ते विकतो, आणि नवी पेन्शनर मंडळी कुलूप उघडतात.