थिएटरवाल्यांची एबीसी

अमेरिकेतल्या एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीची कुळकथा बहुतेक लोक वॉल्ट डिस्नेपासून सांगतात. माझ्या मते तिची नाळ सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीशी जुळलेली आहे.

एबीसीचे लग्न एका थिएटर कंपनीशी झाले; आधी या दोन्ही घराण्यांची ओळख. एनबीसी या प्रसारण कंपनीकडे रेडिओची दोन जाळी होती, रेड आणि ब्लू. एका मालकाकडे दोन नकोत, हा सरकारी नियम १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला. ब्लू विकावे लागले. लाइफ सेव्हर्स गोळ्यांचे कारखानदार एडवर्ड नोबल यांनी ते ८० लाख डॉलरना घेतले आणि त्याचेच पुढे एबीसी झाले. तिकडे पॅरामाउंट सिनेमे काढायची आणि ते दाखवणारी थिएटरेही चालवायची. १९४८ मध्ये ती मक्तेदारीचा खटला हरली. थिएटरे वेगळी काढून युनायटेड पॅरामाउंट थिएटर्स ही कंपनी झाली आणि लिओनार्ड गोल्डनसन तिचे प्रमुख झाले.

म्हणजे वधू आणि वर दोघेही मक्तेदारी मोडणाऱ्या एकाच सरकारी बडग्यातून जन्मलेले! मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो यापुढचा दुवा. निवाड्यानुसार गोल्डनसन यांना निम्म्याहून अधिक थिएटरे विकून टाकायची होती. त्यातून हाती रोकड येत होती आणि टीव्ही तर उरलेल्या थिएटरांचाही प्रेक्षक पळवत होता. एबीसीकडे वाहिनी होती, पैसा नव्हता. १९५१ मध्ये अडीच कोटी डॉलरचा विलीनीकरणाचा करार झाला.

मंजुरीला जवळपास दोन वर्षे लागली. थिएटरांच्या जुन्या मालकाची, म्हणजे पॅरामाउंट पिक्चर्सची, ड्यूमाँट या दुसऱ्या टीव्ही कंपनीत भागीदारी होती आणि मक्तेदारीचा डाग लागलेल्यांना प्रक्षेपणाचा परवाना द्यावा का, हाही प्रश्न होता. अखेर ९ फेब्रुवारी १९५३ रोजी प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने पाच विरुद्ध दोन मतांनी होकार दिला. शिकागोत मात्र दोघांचेही एकेक केंद्र होते. एका गावात एका मालकाची दोन केंद्रे चालत नसत, म्हणून थिएटरवाल्यांचे केंद्र ६० लाख डॉलरना सीबीएस या प्रतिस्पर्धी टीव्ही कंपनीला गेले.

आता डिस्नेचा दावा. १९५४ मध्ये एबीसीने डिस्नेलँड उद्यानात पाच लाख डॉलर गुंतवले, कर्जाला हमी दिली आणि बदल्यात डिस्नेची साप्ताहिक मालिका मिळवली. या मालिकेने एबीसीला घराघरांत नेले, हे निर्विवाद. पण नोबल यांच्या एकट्या एबीसीची हमी कोणत्या बँकेने मानली असती? शिवाय करारातले एक कलम पाहा. उद्यानातल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीचा दहा वर्षांचा नफा एबीसीला मिळायचा होता. रेडिओवाल्याला हे सुचले नसते. पडद्यापेक्षा मध्यंतरातल्या पॉपकॉर्नवर जास्त सुटते, हे थिएटर चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. माझ्या लेखी या कलमावर गोल्डनसन यांच्या जुन्या धंद्याचा शिक्का आहे. १९५५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सही एबीसीसाठी मालिका बनवू लागली. हॉलिवूडच्या निर्मात्यांशी सौदा कसा करायचा, हे त्यांच्याकडून वर्षानुवर्षे सिनेमे घेणाऱ्या माणसाला शिकवावे लागले नाही.

नोबल यांचे श्रेय मी नाकारत नाही. त्यांनी ब्लू घेतले, सांभाळले. पण टीव्हीला लागणारा पैसा आणि प्रेक्षकाची पारख थिएटरांतून आली.

विलीनीकरणानंतर कंपनीचे नाव अमेरिकन ब्रॉडकास्टिंग-पॅरामाउंट थिएटर्स असे होते. १९६५ मध्ये त्या नावातून थिएटरे वगळली गेली. पुढे खरी थिएटरेही दोन टप्प्यांत हेन्री प्लिट यांना विकली गेली, आधी १९७४ मध्ये उत्तरेकडची, मग १९७८ मध्ये दक्षिणेकडची.