पाचपैकी पाच

गेल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपसाठी रेटिंगचा कोड लिहायचं काम माझ्याकडे आलं. अर्ध्या दिवसात ताऱ्यांची सरासरी काढून मी मोकळा झालो. सीनिअरने एकच प्रश्न विचारला, "ज्याला वाईट अनुभव आला आणि जो गप्प बसला, तो तुझ्या सरासरीत कुठे दिसतो?" उत्तर शोधत मी थेट १९९६पर्यंत मागे गेलो.

अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५मध्ये ऑक्शनवेब ही लिलावाची साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि वस्तूची वाट बघत बसायचं, असा सगळा मामला. भांडणं सोडवायला ओमिड्यारांना वेळ नव्हता. फेब्रुवारी १९९६मध्ये त्यांनी फीडबॅक फोरम उघडलं. लोकांनी एकमेकांना अधिक, उणे किंवा शून्य द्यायचं आणि सोबत छोटा शेरा लिहायचा. बाजारातली पत आता आकड्यात दिसू लागली.

या पतीला खरंच किंमत होती. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एका मुरलेल्या विक्रेत्याची जुनी पोस्टकार्डं त्याच्या नेहमीच्या नावाने आणि कोऱ्या नव्या नावांनीही विकून पाहिली. जुन्या नावाला ग्राहक सुमारे ८ टक्के जास्त मोजायला तयार होते.

पण रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९चे सौदे तपासले, तेव्हा खरेदीदारांनी विक्रेत्यांना दिलेले ९९ टक्के शेरे चांगले निघाले. जवळपास निम्म्या सौद्यांत खरेदीदाराने शेराच दिला नव्हता. कारण साधं होतं: मी तुला उणे दिलं, तर तूही मला देणार. अखेर २००८मध्ये ईबेने विक्रेत्यांचा खरेदीदाराला उणे देण्याचा अधिकारच काढून घेतला. एअरबीएनबीने २०१४मध्ये वेगळी वाट धरली: दोघांचे शेरे एकदमच उघडायचे.

मी माझा कोड पुसला. आता आमच्याकडेही शेरे एकदम उघडतात आणि ताऱ्यांशेजारी किती सौद्यांत शेरा आलाच नाही, तेही दिसतं.

परवा त्याच ॲपवरून मागवलेलं पुस्तक पानं सुटलेलं आलं. विक्रेत्याची ती पहिलीच विक्री होती. बोट दोन ताऱ्यांवर गेलं, थबकलं आणि मी पाच दिले. मला कुणाची भीती नव्हती, नुसती भीड होती. भीतीवर कोडमध्ये उपाय सापडला. भीडेवरचा अजून शोधतोय.