बूगपलीकडची जमीन

सप्टेंबर १९४४च्या करारांनी पोलंडने बूग नदीपलीकडून आलेल्यांना सोडलेल्या मालमत्तेची भरपाई कबूल केली. त्या स्थलांतराला पुढे नाव रूढ झाले 'मायदेशी परतणे'. अनुवादक म्हणून मी इथेच अडखळते: घर सोडून जाण्याला परतणे कसे म्हणावे?

ल्वूवमध्ये आजीचे घर गमावलेले ब्रोनिओव्स्की युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००४ साली जिंकले. तोवर कुटुंबाला मूल्याचे जेमतेम २ टक्के मिळाले होते. २००५च्या कायद्याने सर्वांसाठीच मर्यादा घातली, २० टक्के. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेले अनेक पोलिश निर्वासितही याच पूर्वभागातले. 'भरपाई'त भरून येणे गृहीत असते. कायद्याने पाचवा हिस्सा देऊन हिशेब मिटवला.